विरोधातला माइक

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घड्याळ सुरू करायचं माझ्याकडून राहून गेलं. खाली सभागृहात ब्रिआना 'बाजूने'च्या माइकपाशी उभी राहून बोलत होती, नियमाप्रमाणे तिला दोन मिनिटं होती, आणि मी व्यासपीठावर अध्यक्षांच्या शेजारी, घड्याळाच्या बटणावर अंगठा ठेवून नुसती बसून होते. टेरेलने, म्हणजे आमच्या मंडळाच्या राष्ट्रीय अध्यक्षाने, मान न वळवता हळूच विचारलं, "व्हर्नाबाई, घड्याळ?" मी बटण दाबलं. तोवर पोरीने सांगायचं ते सांगून टाकलं होतं. आमच्या सर्वोच्च सेवा-पुरस्काराला दिवंगत ब्रदर वेंडल ऑकर्मन यांचं नाव द्यावं, कारण या बंधुमंडळाची दारं मुलींना त्यांनी उघडून दिली. आज आम्ही मुली इथे बसलोय त्या त्यांच्यामुळे, असं ती म्हणाली आणि तिचा आवाज खरोखरच भरून आला. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. माझ्या कानशिलाच्या आत काहीतरी तडकन वाजलं. राग आला की मला तसं होतं. आईलाही व्हायचं. ती अशा वेळी ओट्यावर पीठ आपटून आपटून मळायची. माझ्यासमोर पाण्याचा जग, टेरेलचा हातोडा आणि नियमावली एवढंच होतं.

दारं उघडून दिली म्हणे! मी चेहरा हलवला नाही. नियम-सल्लागाराने चर्चेत बोलायचं नसतं, मत द्यायचं नसतं, अध्यक्षाने विचारलं तर कानात नियम सांगायचा आणि गप्प बसायचं. चेहरा हलवू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण मी तेही पाळत आले. आमच्या या मंडळाला मालक नाही, धनी नाही. वर्षभर देशभरातल्या कॉलेजांतली ही पोरं रक्तदान भरवतात, म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसतात, जुनी पुस्तकं गोळा करतात, आणि दर दोन वर्षांनी नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या मोकळ्या दिवसांत कुठल्यातरी मोठ्या हॉटेलात जमून स्वतःचं राज्य स्वतः चालवतात. प्रत्येक शाखेला दोन मतं. घटना बदलायची असेल तर दोन तृतीयांश. 'बाजूने'चा एक माइक, 'विरोधात'चा एक, एकावर हिरवा कागद चिकटवलेला, दुसऱ्यावर लाल. आणि सगळ्यांना हाक एकच, ब्रदर. मुलींनासुद्धा. मलाही ब्रदर कोझाक म्हणतात, सत्तर वर्षांच्या बाईला. यंदा अधिवेशन आमच्याच क्लीव्हलंडला होतं, म्हणून मी सकाळी घरून बसने आले होते, पायांत बर्फाचे बूट आणि पिशवीत बरे जोडे. तळ्यावरचा वारा तोंडावर आला तेव्हा वाटलं होतं, यंदाचं शेवटचं, पुढच्या खेपेपासून हे ओझं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालावं. ठराव काय काय आहेत ते मी पाहिलं होतं. हा त्यांत नव्हता. तो आयत्या वेळी आला, अधिवेशनाच्या संमतीने, आणि ती संमती कशी मिळवायची हेही परवा मीच त्या पोरीला शिकवलं होतं.

पहिल्या संध्याकाळी मी नव्या प्रतिनिधींचा वर्ग घेते. ब्रिआना पुढच्याच रांगेत बसली होती, वेणी खांद्यावरून पुढे घेऊन. ओहायोतल्या त्याच लहानशा कॉलेजातली, म्हणजे माझ्याच शाखेची. वेंडलचीही. मी फेरविचाराचा नियम सांगत होते. एकदा निकाल लागलेला ठराव त्याच अधिवेशनात पुन्हा उकरून काढायचा असेल, तर जिंकलेल्या बाजूने ज्याने मत दिलंय त्यानेच उठायला हवं. हरलेल्यांनी उठून चालत नाही. नाहीतर हरलेले लोक रोज तेच तेच उकरत बसतील. तिने हात वर केला. "म्हणजे मला ठराव हवाय, पण तो पडतोय असं दिसलं, तर मी मुद्दाम विरोधात मत द्यायचं? आणि दुसऱ्या दिवशी उठून म्हणायचं, चला, पुन्हा विचार करू?"

"देता येतं," मी म्हटलं. "देतात लोक."

"म्हणजे आधी दगा द्यायचा आणि मग उपकार करायचा!" सगळी पोरं खो खो हसली.

"दुसरा भाग कधी कधी राहून जातो," मी म्हटलं, आणि त्यावर तर आणखीच हशा पिकला. मी पाणी प्यायले आणि पुढच्या नियमाकडे वळले.

ही युक्ती मीच वेंडलला शिकवली होती. सेंट लुईसच्या अधिवेशनाला जाताना, शाखेच्या खटारा व्हॅनमध्ये, मागच्या सीटवर, गुडघ्यावर नियमांचं पुस्तक घेऊन. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा डिसेंबर. हीटर बंद पडलेला, काचेवर आतून बर्फ धरलेला, आणि वेंडल ड्रायव्हरशेजारी बसून सँडविच खात होता. आम्ही मुली तेव्हा मंडळात नव्हतो. आम्ही 'मदतनीस' होतो. रक्तदानाच्या खाटा आम्ही लावायच्या, पोरांच्या दंडाला कापूस आम्ही धरायचा, आणि वार्षिक अहवालात तास मात्र पोरांच्या नावावर. कॉलेजात एक आंधळा मुलगा होता, त्याच्यासाठी रसायनशास्त्राचं अख्खं पुस्तक मी टेपवर वाचून काढलं होतं. वाचनालयाच्या तळघरात, कोट घालून, कारण तिथे पाइप गळायचे. समीकरणं मोठ्याने वाचायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. परीक्षा पास झाल्यावर तो मुलगा मला म्हणाला होता, "तुझा आवाज मला झोपेतसुद्धा ऐकू येतो, आता गप्प बस जरा." आयुष्यात मला कुणी इतकं गोड काही म्हटलेलं नाही. त्या कामाचं मानचिन्ह शाखेला मिळालं. ते वेंडलने स्वीकारलं, कारण सदस्याशिवाय कुणाला व्यासपीठावर चढता येत नव्हतं.

म्हणजे तो वाईट होता असं नाही. हेच तर मला कुणाला सांगता येत नाही. तो खोकी उचलायचा, रक्त द्यायचा आणि प्रत्येक वेळी चक्कर येऊन पडायचा, तरी पुढच्या वेळी रांगेत पहिला. हसायला लागला की थांबायचा नाही. त्या व्हॅनमध्ये मी त्याला नियम समजावून सांगितला तेव्हा तो तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "व्हर्ना, तू खरं तर वकील हो. नाहीतर दरोडेखोर." मग मागे वळून, सँडविचचा हात छातीवर ठेवून म्हणाला, "ठीक आहे. पडतंय असं वाटलं तर मी विरोधात हात वर करीन. तू वरून शिव्या देऊ नकोस म्हणजे झालं." मी म्हटलं, "मी कशाला देईन? माझीच कल्पना." सगळे हसले. मीही हसले. आज त्या हसण्याचा मला जितका राग येतो तितका त्याचाही येत नाही.

सज्जात बसायची आम्हाला परवानगी होती. खाली सगळे कोट-टाय. मुलींना सदस्य करून घ्यायच्या ठरावावर मतदानाला कार्डं वर गेली तेव्हा मोजायच्या आधीच दिसलं, दोन तृतीयांशाला थोडी कमी पडणार. वेंडल कार्ड वर करायचा थांबला, इकडे तिकडे बघितलं, आणि 'विरोधात' म्हणताच वर केलं. माझ्या शेजारची मार्वा म्हणाली, "हा बघ, आपलाच कुत्रा आपल्यालाच चावला." मी तिच्या कानात सगळं सांगितलं. मग आम्ही संध्याकाळभर हॉटेल पिंजून काढलं. लिफ्टमध्ये, जिन्यावर, कॉफीच्या पिंपापाशी. जॉर्जियाची दोन पोरं म्हणाली, आमच्या शाखेत मुलीच सगळं करतात, लाज वाटली हात वर करताना. न्याहारीला विस्कॉन्सिनवाले वळले. कॅन्ससवालेही. तुम्हीच उठा ना, असं त्यांना म्हटलं तर सगळ्यांचं एकच, "तुमचा माणूस उठू दे, आम्ही हात वर करतो." आमचा माणूस! मला इतकी खात्री होती की त्या सकाळी मी पॅनकेकवर दोनदा पाक ओतून घेतला.

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही कामकाज? मी सज्जाच्या कठड्याला दोन्ही हात टेकून वाकले होते. वेंडल कडेच्या खुर्चीवर होता. त्याने वर बघितलं. थेट माझ्याकडे. मग तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. सुटलेली नव्हती. मला वरून दिसत होती, घट्ट बांधलेली होती. ती त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, आणखी काही? मी उभी राहिले. तोंड उघडलं होतं की नाही ते आठवत नाही, पण दारावरचा एक पोरगा, बिल्ला लावलेला, माझ्या कोपराला हात लावून म्हणाला, "मिस, बसून घ्या. वरच्यांना बोलता येत नाही." आणि हातोडा पडला. झालं. दोन वर्षांसाठी सगळं संपलं. मार्वा मोठ्याने रडली. मला रडू आलं नाही. कानशिलात तडकन वाजलं तेवढंच.

खाली फिरत्या दाराशी मी त्याला गाठलं. तो सामान घेऊन उभा होता, कान लाल झालेले. म्हणाला, "सकाळी अध्यक्षाने, लेलंडने बोलावलं होतं. म्हणाला, या वर्षी एवढा गोंधळ नको, तू शहाणा आहेस, पुढच्या कार्यकारिणीत तुला घेऊ. व्हर्ना, ऐक तरी. मी आत असलो तर दोन वर्षांनी मीच करून दाखवतो. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

"दोन वर्षांनी मी कुठे असणार, वेंडल? माझं कॉलेज जूनमध्ये संपतंय."

तो खरोखर गोंधळला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, "पण तुझं काय अडलंय? तू तर बाहेरूनही काम करतेसच की."

हे वाक्य मी पन्नास वर्षं चघळलंय. भांडी घासताना, दाताच्या डॉक्टरकडे, नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खुर्चीत. तू बाहेरूनही करतेसच की. बरोबरच होतं त्याचं. मी करतच होते, पुढेही केलं. जो न विचारता राबतो त्याला कशाला आत घ्या? दोन वर्षांनी त्याने शब्द पाळला, ठराव मांडला, तो मंजूर झाला, मासिकात फोटो आला. वेंडल मध्यभागी, दोन्ही बाजूंना पहिल्या मुली, तिघांचेही दात दिसताहेत. मी तेव्हा क्लीव्हलंडच्या शाळेत गणित शिकवत होते. मला त्यांनी 'मानद सदस्य' केलं, बिल्ला टपालाने आला. पुढे वेंडल राष्ट्रीय अध्यक्ष झाला तेव्हा त्यानेच फोन केला, नियमांची जाण असलेलं माणूस हवंय, तुझ्याइतकं कुणाला कळतं? मी हो म्हटलं. का म्हटलं असं मार्वाने विचारलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. दुसरी कुठली खुर्ची मला मिळणार होती? या खुर्चीवरून निदान पुढच्या कुणाला नियमाने कोपऱ्यात घालता येणार नाही एवढं बघता आलं. दर अधिवेशनात तो माझ्या खांद्यावर हात टाकून नव्या पोरांना सांगायचा, "ही आमची व्हर्ना. हिने मला सगळं शिकवलं." आणि डोळा मारायचा. काय शिकवलं ते कुणी विचारायचं नाही. वसंतात तो गेला. मी अंत्यविधीला बटाट्याचं कॅसरोल घेऊन गेले, चर्चच्या तळघरात कागदी ताटलीतून खाल्लं, आणि त्याच्या मुलीला मिठी मारली. म्हटलं, चला, मिटलं. मातीत गेलं ते मातीत जाऊ दे.

आणि आता ही पोर! कोणी शिकवलं हिला हे? शाखेतल्या भिंतीवर त्याचा फोटो असेल, प्रत्येक नव्या मुलीला त्याखाली उभं करून सांगत असतील, हे बघ, यांनी दार उघडलं. म्हणजे दार आमचं नव्हतंच. कुणाच्या तरी खिशात किल्ली होती आणि त्याने मेहेरबानी केली. ब्रिआना बोलून संपली. तिच्यामागे बाजूने बोलणाऱ्यांची रांग थेट दारापर्यंत गेली होती. टेरेल म्हणाला, "नियमाप्रमाणे एक बाजूने, एक विरोधात. विरोधात कोणी?" लाल कागदाच्या माइकपाशी चिटपाखरू नव्हतं. कोण असणार? पहिल्या रांगेतल्या माजी अध्यक्षांच्या टेबलावर लेलंड, नव्वदीचा, केकचा तुकडा काट्याने उलटा सुलटा करत होता. विरोधात कोणी नसेल तर चर्चा बंद आणि थेट मतदान, हा नियम टेरेल मला विचारणार होता. विचारायलाच तो झुकला.

"विरोधात कोणी नाहीये, व्हर्नाबाई. घेऊ मत?"

"आहे," मी म्हटलं.

त्याने खाली माइककडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात पिशवी होती. ती कधी उचलली ते मला कळलं नाही. "तुम्हाला नाही बोलता येत," तो कुजबुजला. बिचारा घाबरला होता. "तुम्हीच तर शिकवलंत."

"सल्लागाराला नाही बोलता येत. या ठरावापुरती मी खुर्ची सोडतेय. मानद सदस्याला मत नाही, पण बोलायची मुभा आहे. बघायचंय नियमावलीत?"

"नको," तो म्हणाला. "तुमच्यावर विश्वास आहे." मी घड्याळ सेक्रेटरीच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरले. गुडघ्याने दर पायरीला कुरकुर केली. सभागृहात कुजबुज वाढत गेली, मग कमी होत गेली. लाल कागदाचा माइक माझ्या कपाळाइतका उंच होता, तो मला खाली करता येईना. कुणी मदतीला आलं नाही, सगळे बघत राहिले. शेवटी तो माझा मीच खाली ओढला आणि तो एकदा कर्कश किंचाळला.

"ब्रदर कोझाक," टेरेल म्हणाला, "आपण कशासाठी उभ्या आहात?"

"ठरावाच्या विरोधात बोलायला."

मी बोलले. फार नाही. इतकी वर्षं मनात हजार वेळा घोळवलेलं भाषण होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, सेंट लुईसला मुलींचा ठराव थोडक्यात पडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उचलता यावा म्हणून ब्रदर ऑकर्मन यांनी विरोधात मत दिलं. तसं आमचं ठरलं होतं, माझ्याशी. आम्ही मुलींनी एका रात्रीत मतं जमवली. सकाळी उठायचं काम फक्त त्यांचं होतं. ते उठले नाहीत. ते बुटाची नाडी बांधत बसले. मी वर सज्जात होते, मी पाहिलं. दार आम्ही ढकललं होतं, त्यांनी ते दोन वर्षं बंद ठेवलं, आणि त्या दोन वर्षांत ज्यांचं कॉलेज संपलं त्या कधीच आत आल्या नाहीत.

"अगं, तो गेलाय आता!" लेलंड बसल्या जागेवरून ओरडला. आवाज अजून खणखणीत होता. "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतेस? काही लाज?"

टेरेलचा हातोडा पडला. "ब्रदर, आत्ता ब्रदर कोझाक बोलताहेत. मध्ये बोलता येणार नाही." मग मला म्हणाला, "बोला, ब्रदर. तुमचा वेळ अजून शिल्लक आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तो माझा आहे."

आणि मी गप्प राहिले. माइकपाशी उभी राहिले, दोन्ही हातांनी दांडा धरून. बोलणारा जोवर माइक सोडत नाही आणि वेळ संपत नाही, तोवर सभागृह त्याचं असतं. अध्यक्षालाही ते काढून घेता येत नाही. मला कोपराला हात लावून बसवायला आता कुणाची छाती नव्हती. सगळे बसून होते. कुणी खोकलं. लेलंडने काटा खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, रांगेमागून रांग, आणि कुणीही नाडी बांधायला वाकलं नाही. तेवढ्यात समोर हिरव्या माइकपाशी हालचाल झाली. ब्रिआना आपल्या जागेवरून निघाली होती. मधल्या रिकाम्या वाटेतून ती सरळ आली, तोंड पांढरंफटक, आणि माझ्या मागे, लाल माइकच्या रांगेत येऊन उभी राहिली. ज्याने ठराव मांडला त्याला स्वतःच्याच ठरावाविरुद्ध बोलता येत नाही. हेही परवा मीच तिला शिकवलं होतं, आणि तिला ते नक्की आठवत होतं, कारण तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. व्यासपीठावरून टेरेलने माझ्याकडे बघितलं, नेहमी नियम विचारायला बघतो तसं. मी डोक्यात सगळी नियमावली चाळली. बोलायला बंदी होती. उभं राहायला नव्हती.